दोनदा निगेटिव्ह

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादाचं रक्त आज माझ्या टेबलावर. स्वतःच घेऊन आला – शर्टाच्या खिशाला नळी पेनासारखी अडकवून! काढलंही घरीच. वहिनीनं दंड आवळून धरला, यानं दुसऱ्या हातानं सुई घातली. गुरांचा डॉक्टर असला की माणसांच्या डॉक्टरची गरज वाटत नाही. मी म्हटलं, "हे नियमात बसत नाही." म्हणाला, "नळीबाई, नियम तुझ्या कपाटात ठेव, रक्त इथे ठेव."

नळीबाई मी. पंचवीस वर्षं नळ्यांत रक्तातलं पाणी घालते, म्हणून.

महिनाभर संध्याकाळचा ताप. घाम इतका की उशी पिळून काढावी. कंबर धरलेली, डावा गुडघा सुजलेला. वजन उतरलंय, गळ्याशी शर्ट सैल. आई म्हणते कामाची दगदग. दादा म्हणतो ब्रुसेला, गुरांकडून माणसाला येणारा ताप. "गाईंना होतो तेव्हा मी लांबूनच ओळखतो. स्वतःला ओळखू नको?"

विचारलं, सुई टोचली होती का कधी. म्हणाला, नोव्हेंबरात, लसीकरणाच्या वेळी. गाय उसळली, सुई सरळ तळहातात. थोडी लसही गेली आत. "सांगितलंस कुणाला?" – "त्यात काय सांगायचं? न्हाव्याला वस्तरा लागतोच."

लशीत जंतू जिवंत असतो, अशक्त केलेला. गाईसाठी अशक्त. माणसासाठी तितका नाही. म्हणजे दादाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. उद्या कळेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

निगेटिव्ह. सगळ्या नळ्यांच्या तळाशी घट्ट ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा. अँटिबॉडी असत्या तर मी नळीत घातलेले मेलेले जंतू त्यांना चिकटून जाळं पसरलं असतं. काही नाही. कधीकधी अँटिबॉडी फार झाल्या तरी पहिल्या नळ्या गप्प राहतात, म्हणून पातळ करत करत शेवटपर्यंत गेले. शेवटपर्यंत बटणं.

गोचिडाच्या तापाची, उंदराच्या लघवीतून होणाऱ्या तापाची तपासणीही लावली. तीही स्वच्छ.

फोन केला. दादा म्हणाला, "तुझी नळी खोटं बोलतेय." मी म्हटलं, नळीला नातेवाईक नसतात. वाक्य चांगलं झालं असं वाटलं. फोन ठेवल्यावर तितकं चांगलं वाटलं नाही.

एक मात्र खरं. पहिलं रक्त कधीकधी फार लवकरचं असतं. दोन आठवड्यांनी दुसरं घ्यायचं, दोन्ही शेजारी शेजारी लावायची. वाढ दिसली तर आजार आत्ताचा. आमचं सगळं शास्त्र या एका 'थांबा'वर उभं आहे. रोगी मात्र थांबलेला नसतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईचा फोन. "तू एवढी शिकलीस, भावाचं दुखणं सांगता येईना?" मी म्हटलं, काय नाही ते सांगितलं. म्हणाली, "काय नाही ते मलाही सांगता येतं."

शनिवार, १५ फेब्रुवारी

दादाला दाखल केलं. आमच्याच इमारतीत, वर, तिसऱ्या मजल्यावर. सांधेवाले डॉक्टर बघताहेत. शांत माणूस, बोलताना पेनाचं टोपण काढतो-लावतो. त्यांना वाटतं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. तसं असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन. आराम झटकन पडतो, म्हणे. पण आत जंतू लपलेला असला तर ते इंजेक्शन म्हणजे घरात दडलेल्या चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देणं. म्हणून आधी जंतू नाही याची खात्री हवी. ती खात्री कोण देणार? मी.

रक्ताच्या दोन बाटल्याही गेल्या, जंतू वाढवून बघायला, कल्चरबाईंकडे.

कल्चरबाई माझ्या समोरच्या खोलीत. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी आले तेव्हा पिपेट कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं, तेव्हापासून माझ्या कामाची टिंगल करायचा हक्क त्यांच्याकडे राखून आहे. "तुझं काय गं, कुत्रं भुंकलं की चोर आला म्हणतेस. मी चोराची मानगूट धरून आणते." खरंच आणतात. प्लेट उघडतात, डोळ्यांशी नेतात, मग नाकाशी. वासावरून जंतू सांगतात – हा द्राक्षासारखा, हा ओल्या मातीसारखा, हा उंदरासारखा. नव्या नियमात वास घेणं बंद आहे. बाई म्हणतात, "नियम लिहिणाऱ्याला सर्दी असणार."

बाटल्यांबरोबरच्या कागदावर मी हातानं लिहिलं : ब्रुसेला तपासणी – निगेटिव्ह. म्हटलं, त्यांना उपयोग होईल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

विशेष काही नाही. दादाचा ताप संध्याकाळी एकशे दोन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुसरं रक्त. जुनं फ्रीजमधून काढलं, दोन्ही शेजारी लावली. अँटिजेनची, म्हणजे त्या मेलेल्या जंतूंची, नवी बाटली फोडली; जुनी खराब झाली होती असं कुणी म्हणायला नको. ज्याला हा आजार झाल्याचं पक्कं ठाऊक आहे त्याचं रक्तही बरोबर लावलं – त्यात जाळं झकास पसरलं. म्हणजे तपासणी नीट चालते.

दादाची दोन्ही : बटणं. दोनदा निगेटिव्ह.

सही करताना हात अडखळला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. मला बरंच वाटलं. हा आजार चिवट असतो, सहा-सहा आठवडे गोळ्या, पुन्हा उलटतो. तो नाही म्हणजे चांगलंच ना? आणि थोडं असंही वाटलं की दादाचं 'लांबूनच ओळखतो' एकदाचं खाली बसलं. लहानपणापासून त्याचंच बरोबर असायचं.

कागद वर गेला. सांधेवाले म्हणाले, "तुमच्या लॅबनं दोनदा नाही म्हटलंय, मग माझ्याकडून तो विषय संपला. सोमवारी पहिलं इंजेक्शन."

गुरुवार, २० फेब्रुवारी

संध्याकाळी वर गेले. दादा खाटेवर उठून बसलेला, पाठीला दोन उशा. इंजेक्शनाचं माहितीपत्रक वाचत होता. चष्म्यावरून बघितलं. "मी गाईला असलं इंजेक्शन देणार नाही."

"तू गाय नाहीस."

"तेच ना! गाय असतो तर निदान लाथ मारली असती."

हसलो दोघं. हसताना त्याला कंबरेत कळ आली, तोंड पिळवटलं. मी खिडकीकडे बघितलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सावकाश लिहिते, नाहीतर भलतंच काही लिहीन.

दुपारी वहिनीबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसले होते. आत दादा झोपलेला. वहिनी वेळ घालवायला बोलत होती – गोठे, पत्रे, कुणाची गाय किती दूध देते. म्हणाली, "यांना काय, नवीन लस आली तेव्हापासून नुसती फुशारकी. म्हणे आता टोचलेल्या गाईचं रक्त तपासलं तरी लाल शेरा येत नाही. आधी लस टोचली की गाय तपासणीत आजारी दिसायची, मालक भांडायला यायचे. आता सगळ्या गाई स्वच्छ!"

मी म्हटलं, हं.

मग दोन-तीन मिनिटं ती आणखी काही बोलत होती. मला आठवत नाही.

लस बदललीय. नवी लस मुद्दामच अशी केलीय की आमच्या तपासणीला दिसू नये! जंतूच्या अंगावरचं जे कवच आमची नळी ओळखते, ते या लशीतल्या जंतूवर नसतंच. ते काढून टाकलं, म्हणूनच ही लस सोयीची. मी हे वाचलंय. मी हे शिकवलंय – दरवर्षी नव्या मुलींना एक तास, फळ्यावर चित्र काढून. आणि सुई टोचली म्हटल्यावर मी 'कधी' विचारलं, 'कुठे' विचारलं. 'कुठली लस' विचारलंच नाही. डोक्यात जुनीच होती, आम्ही शिकत होतो तेव्हाची.

दादाच्या रक्तात अँटिबॉडी असतील ढीगभर. मी त्यांना भलताच फोटो दाखवून विचारत होते – याला ओळखता का? त्या खरं बोलल्या. नाही म्हणाल्या.

दादाला उठवलं. "नोव्हेंबरात टोचली ती लस नवी का जुनी?" डोळे चोळत म्हणाला, "जुनी बंद होऊन दोन वर्षं झाली. का?" मग त्याचा त्यालाच उलगडा झाला. "अरेच्चा," एवढंच म्हणाला. त्यालाही सुचलं नव्हतं. गाईच्या बाबतीत रोज ज्याची बढाई मारतो, ते स्वतःच्या बाबतीत नाही सुचलं. बहीण-भाऊ एकाच माळेचे मणी.

जिन्यात उभं राहून सांधेवाल्यांना फोन लावला. रविवार, त्यांच्याकडे मागे पोरं ओरडत होती.

"उद्याचं इंजेक्शन देऊ नका."

"तुमच्याच सहीचे दोन कागद आहेत, बाई."

"कागद बरोबर आहेत. मी रक्ताला प्रश्न चुकीचा विचारला."

समजावून सांगितलं. टोपणाचा टक-टक आवाज ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "मग पुरावा?" म्हटलं, आता फक्त कल्चर. बाटलीत वाढला तरच. म्हणाले, "बरं. थांबतो. पण किती दिवस थांबायचं ते सांगा."

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी लवकर लॅबमध्ये. कल्चरबाईंच्या आधी पोचायचं होतं. बाटलीत काही वाढलंच तर ते काचेच्या बंद पेटीतच उघडायला हवं. हा जंतू श्वासातून आत जातो. गुरांच्या माणसांइतकाच लॅबच्या माणसांना होतो.

बाई आलेल्या होत्या. एप्रन चढवून, हातात चहा.

"बाई, माझ्या भावाच्या बाटल्या –"

"हो गं, एका बाटलीला यंत्र वाजलं गुरुवारी, आत काहीतरी वाढतंय म्हणून. प्लेटवर लावली. शनिवारी बघितलं तर बारीक रव्यासारखं काहीतरी. जंतू ओळखायच्या यंत्रानं भलतंच नाव दिलं. मला वाटलं त्वचेवरची घाण असेल, आज नीट बघणार होते."

"कुठे उघडलीत?"

"कुठे म्हणजे? इथे." टेबलावर टिचकी मारली. उघडं टेबल, वर पंखा.

"वास घेतलात?"

चहाचा कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. मूर्ख बाई नव्हेत त्या. "कागदावर तर निगेटिव्ह लिहिलं होतंस. तुझ्याच अक्षरात."

मी मान हलवली.

"घेतला," म्हणाल्या. "कसलाच वास नव्हता. म्हणून पुन्हा घेतला."

प्लेट पिशवीत, पिशवी डब्यात, डबा पेटीत. खोली रिकामी केली. साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे आमचे प्रमुख. संकट आलं की ते आधी दार लावून घेतात. दार लावलं, मग ऐकलं.

इंजेक्शन दिलं गेलं नाही. हे लिहायचं राहत होतं!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मोठ्या लॅबचा निरोप आला. ब्रुसेला, लशीतलाच. दादाचं निदान झालं. चोराची मानगूट बाईंनीच धरली.

नेहमीच्या दोन औषधांतलं एक या जंतूवर चालत नाही. लशीचा जंतू ओळखता यावा म्हणून तो त्या औषधाला निर्ढावलेलाच बनवलेला आहे. सांधेवाल्यांनी ते बदलून दुसरं दिलं. माझी नळी बोलली असती आणि लस कुठली ते विचारायचं तसंच राहिलं असतं, तर दादा चुकीचं औषध खात बसला असता, हेही साहेबांनी म्हटलं. माझं सांत्वन करायला. झालं नाही.

सोमवार, ३ मार्च

त्या दिवसांत खोलीत वावरलेले आम्ही तिघं – बाई, बाटल्यांच्या यंत्रावरचा माणूस, मी. तिघांना तीन आठवडे गोळ्या. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. इतर वेळी अशा प्रसंगी रक्त घेतात, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घेतात, शेजारी लावून बघतात. माझंच काम. इथे त्याचा उपयोग शून्य. आम्हाला झालाय का ते माझी नळी सांगणार नाही. फक्त थर्मामीटर. आजीच्या काळातली गोष्ट.

यंत्रावरचा माणूस गोळी रडत घेतो. बाई म्हणतात, "एवढी वर्षं वास घेतेय, एक जंतू माझ्या वाटेला गेला नाही. मला भितात."

बुधवार, ५ मार्च

दादाचा ताप उतरला. संध्याकाळी मोजला तेव्हा नर्सनं थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. खरंच उतरला. वहिनी बाहेर बाकावर जाऊन रडली. मी तिच्या शेजारी बसले. फार बरं वाटलं – इतकं की त्याची लाज वाटली, खाली बाई गोळ्या खाताहेत.

मंगळवार, ११ मार्च

बाईंनी गोळ्या सोडल्या! चार दिवस घेतल्या म्हणे, पोटात आग, तोंडाला चव नाही. नंतरचे चार दिवस कुणाला बोलल्या नाहीत. आज सहज चहाच्या वेळी सांगितलं, डाळीला फोडणी दिली म्हणावं तसं.

मी चिडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तुम्ही काय समजता स्वतःला?"

"ओरडू नकोस. तुझा भाऊ बरा आहे ना?"

"त्याचा काय संबंध?"

"मग झालं तर."

साहेबांना जाऊन सांगितलं. चुगली म्हणा. साहेबांनी दार लावलं, बाईंना दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या, पोटाला सोसतील अशा. बाई घेते म्हणाल्या. कप विसळून निघून गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शुक्रवार, १४ मार्च

दादा घरी गेला. काठी घेऊन जिना उतरला, लिफ्ट नको म्हणाला. खाली लॅबच्या दारापाशी थांबला, त्याला कल्चरबाईंना भेटायचं होतं. "माझा जंतू तुम्हीच धरलात म्हणे." बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं तर त्याला सोडून दिला होता." सगळे हसले. मीही.

मग दादानं हळू आवाजात विचारलं, वास कसा होता. बाई म्हणाल्या, "काही नाही हो. कोऱ्या कपड्याइतकाही नाही."

त्याला मी वासाचं काही सांगितलं नव्हतं. वहिनीनं सांगितलं असणार, आणि वहिनीला मी. गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाला, "त्यांच्याकडे लक्ष ठेव." दादा असं बोलत नाही. हात कोरडा होता, गरम नव्हता.

गुरुवार, २० मार्च

बाई पुन्हा बोलायला लागल्या. तक्रारीनंच. "माझा ताप काय विचारतेस सारखा? परीक्षेचा निकाल आहे का?"

नव्या गोळ्या घेताय का, विचारलं. "घेतेय की." खरं की खोटं, कोण जाणे. त्यांचं रक्त लावून कळणार नाही. तोंडाकडे बघून तर मुळीच नाही.

सोमवार, २४ मार्च

माझ्या गोळ्या संपल्या. यंत्रावरच्या माणसाच्याही. दोघांचाही ताप एकदाही नाही.

साहेबांनी नवा कागद छापून घेतला – सुई टोचली असेल तर 'कुठली लस' हा रकाना. माझ्या सांगण्यावरून. बैल गेला अन् झोपा केला. पण केला. फळ्यावरच्या तासातही आता ही गोष्ट सांगायची, नावं न घेता, असं ठरवलंय. माझ्या नावाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. 'एक अनुभवी तंत्रज्ञ' म्हणेन कदाचित.

रविवार, ३० मार्च

दादाकडे गेले. गोठ्याच्या कठड्यावर बसून दुसऱ्या कुणाला तरी लस कशी टोचायची ते ओरडून सांगत होता. हातमोजे घाला, म्हणत होता! आईनं मला पोटभर जेवायला घातलं. म्हणाली, "शेवटी तूच शोधलंस ना." मी हो म्हटलं. नाही म्हणायला फार सांगावं लागलं असतं.

बुधवार, २ एप्रिल

बाई आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, कंबर धरलीय, दुसरं काही नाही, वयाचं आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

आजही नाहीत. ताप मोजला का विचारलं. "थर्मामीटर सापडत नाही," म्हणाल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

आजपासून कल्चरचं टेबल माझ्याकडे. काचेच्या पेटीत हात घालून बसले. पहिल्याच बाटलीवर बाईंचं नाव.